यापाला रकाना नाही

रिओबाम्बा, सोमवार, १९ ऑगस्ट २०२४

आदरणीय मद्रिना सोइला यांस,

माझा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही. परवा मी ओलमेदो हमालाच्या फोनवरून लावला, तेव्हा तुम्ही पहिल्याच घंटेला उचललात आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलात. म्हणून हे पत्र. आलाउसीच्या बसचा चालक ते तुमच्या बहिणीच्या दारात देईल. त्याचे भाडे मी दिले आहे, तुम्ही देऊ नका.

अक्षरे मोठी आणि सुटी काढली आहेत. एका पानावर फार ओळी बसत नाहीत, पण तुमच्या डोळ्यांना बरे. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे, कारण तुम्ही ते तपासणारच. पोत्यांवरच्या पाट्या तुम्ही माझ्याकडून लिहून घेत होता आणि एक अक्षर चुकले की सगळी पाटी पुसायला लावत होता. शाळा अर्ध्यात सुटली तरी लिहिणे सुटले नाही, ते त्यामुळे. बाप्तिस्म्याला मला हातांत धरून धर्ममाता झालेल्या बाईने नंतरही एवढे केले, हे मी विसरलेलो नाही.

जुलैत दुकानातून जाताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझ्या डबड्यानं मला चोर ठरवलं, क्लेवेर." त्याचे उत्तर मला द्यायचे आहे. रागाने नाही, नीट.

संगणकावरची सिस्टिम वाईट नाही. ती येण्याआधी काय होते ते आठवा. माळ्यावर मागे राहिलेल्या अकरा पोती वाटाण्याला कीड लागली, तेव्हा ती पोती कधी आली हे कुणालाच सांगता आले नाही, तुम्हालाही नाही. पहिली गाडी खपायच्या आत ग्वारांदाहून मक्याची दुसरी गाडी दारात उभी राहिली, कारण एकदा मालकांनी सांगितले होते आणि एकदा त्यांच्या मुलीने. आता कुठले पोते आधी उघडायचे ते पडदा सांगतो. मी सहाला घरी जातो, पूर्वी आठ वाजत. शिवाय नवा माणूस दोन दिवसांत कामाला लागतो. तुमच्याकडून शिकायला मला चार वर्षे लागली. हा फायदा तुम्हाला आवडणार नाही, पण पाओलिना बाई म्हणतात तेही खरे आहे: "एक माणूस आजारी पडला म्हणून सगळं दुकान आजारी पडायला नको." त्या मालकांची मुलगी म्हणून नाही, कितोला इंजिनियर झाल्या म्हणून बोलतात.

तोटे मलाही कळतात. दर माणसामागे दर महिन्याला भाडे आहे. एकदा सगळे आत भरले की सोडून जाता येत नाही, आपलेच आकडे परत मागायला वेगळे पैसे पडतात. आणि ती जेवढे विचारते त्यापलीकडचे तिला काही सांगता येत नाही. हे शेवटचे वाक्य मी लिहिले असे कुणाला दाखवू नका.

आता मुद्दा. फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत तुमच्या काट्यावर सहाशे चोवीस किलो धान्य कमी आहे. जवळजवळ चौदा पोती. हे मी ठरवलेले नाही. किती आले, किती विकले, किती उरले, एवढेच तिने मांडले. त्यावरून मालक सेन्योर विलागोमेस यांनी तुम्हाला चोरीच्या कारणाने काढण्याची परवानगी श्रम निरीक्षकांकडे मागितली आहे. सुनावणी बारा सप्टेंबरला आहे, तोवर तुम्हाला कामावरून थांबवले आहे. परवानगी मिळाली तर तुमची पंचवीस वर्षे भरणार नाहीत, आणि पंचवीस भरल्यावर दुकानाने जन्मभर द्यायचे ते पेन्शन जाईल. पंचवीस वर्षे तीन डिसेंबरला भरणार होती. मंडईत म्हणतात, मालकांनी तारीख बघूनच हे काढले. मला तसे वाटत नाही. सिस्टिमला कुणाच्या तारखा कळत नाहीत. म्हणजे कळतात, तुमची रुजू झाल्याची तारीख मीच भरली होती, पण तिला त्याचे काही नसते.

एकदा बोला.

तुमचा धर्मपुत्र,
क्लेवेर तोआपान्ता


रिओबाम्बा, शुक्रवार, ६ सप्टेंबर

आदरणीय मद्रिना,

उत्तर नाही. पण चालक म्हणाला, "बाईनं दारातच उघडलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं." एवढे मला पुरे आहे.

गुरुवारी मी तिथे असेन. दुकानाच्या बाजूने साक्षीला बोलावले आहे. आधीच कळवतो, म्हणजे मला बघून तुम्ही दचकणार नाही.

तुम्ही म्हणणार की कमी पडले ते सगळे यापात गेले. ते बहुतेक खरे आहे, असे मलाही वाटते. मग यापा सिस्टिममध्ये का नाही, तर ते असे झाले. तुम्ही त्या दिवशी माळ्यावर होता. जानेवारीत सिस्टिम बसवणारा माणूस कितोहून आला आणि म्हणाला, दुकानातून जे जे बाहेर जाते त्याची यादी करा. मी दोन पाने भरून यादी केली. उंदरांनी फोडलेली पोतीसुद्धा लिहिली. पाओलिना बाई पेन घेऊन ती वाचत होत्या.

"हे काय लिहिलंयस?"

"यापा, बाई. गिऱ्हाइकाचं तोलून झालं की वर एक मूठ."

"ते मला माहितेय रे. किती, ते सांग."

"एक मूठ. खाली मोजून लिहिलीय."

"कुणाची? तुझी, माझी, का ओलमेदोची? त्याच्या मुठीत अर्धं पोतं जाईल."

बसवणारा हसला. "यापाला रकाना नाही, बाई. सवलत म्हणून घालता येईल, पण मग दर वेळी वजन टाकावं लागेल."

"म्हणजे दिवसातनं शंभर वेळा मूठ तोलायची? रांग पार मंडईपर्यंत जाईल. काट मार त्या ओळीवर."

काट त्यांनीच मारली, त्यांच्या हिरव्या पेनाने.

पण त्याआधी मी मोजले होते, हे तुम्हाला आठवत असेल. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. मी तुम्हाला छोट्या काट्यावर पिवळ्या घेवड्याच्या वीस मुठी टाकायला लावल्या आणि एकेक वजन यादीच्या खाली लिहिले. सरासरी चाळीस ग्रॅम आली. ते पान माझ्याकडे आहे.

विनंती अशी आहे की गुरुवारी त्या दुपारचा विषय काढू नका.

कारण सांगतो. पान पुढे आले तर त्यावरची हिरवी काट पुढे येईल, म्हणजे पाओलिना बाईंना यापा ठाऊक होती आणि त्यांनीच ती बाहेर ठेवली हे दिसेल. मग मला पडद्यासमोरून उठवतील आणि परत पोत्यांखाली घालतील. माझी पाठ तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच ती चोळत होता.

दुसरे असे की पानाने तुम्ही सुटतही नाही. मी गणित केले आहे. त्या पाच महिन्यांत तुमच्या काट्यावर अकरा हजार नऊशे सत्तर वेळा विक्री झाली. तेवढ्या मुठी, प्रत्येकी चाळीस ग्रॅम, म्हणजे चारशे एकोणऐंशी किलो. तरी एकशे पंचेचाळीस किलो उरतात, तीन पोत्यांहून जास्त. ते कुठे गेले, असे ते विचारतील आणि तुम्हाला सांगता येणार नाही. म्हणजे पान दाखवून तुमचा फायदा नाही आणि माझे मात्र नुकसान आहे. शांतपणे विचार केलात तर पटेल.

थंडी आहे, शाल घेऊन या.

क्लेवेर


रिओबाम्बा, शनिवार, १४ सप्टेंबर

आदरणीय मद्रिना,

तुम्ही सगळे ऐकलेतच, तरी लिहितो, कारण बाहेर पडल्यावर आपले बोलणे झाले नाही.

सुरुवात इतकी वाईट होईल असे मला वाटले नव्हते, म्हणजे आमच्या बाजूने. निरीक्षक बाईंनी कागद बाजूला सारले आणि मालकांना विचारले, "सेन्योर, रिओबाम्बात राहून तुम्ही यापा देत नाही म्हणता? मी आज सकाळी भाजलेल्या डुकराचं ताट खाल्लं, त्याच्यावरसुद्धा कातडीचा एक तुकडा जास्त पडला." सगळे हसले. लिहून घेणारा कारकूनही हसला. मालक हसले नाहीत. "आमच्या दुकानात तशी पद्धत नाही, बाई. कुठल्याही कागदावर नाही. कुणी आपल्या मनानं माझा माल वाटत असेल, तर त्याला मी दुसरं काय म्हणू?" पाओलिना बाई फोनमध्ये बघत होत्या. तुमच्या काट्याशेजारी बसून भाजलेल्या मक्याची यापा खिशात भरणारी लहानगी पाओलिना मला तेव्हा आठवली. तुम्हालाही आठवली असेल, कारण तुम्ही तिच्याकडेच बघत होता.

मग निरीक्षक बाई म्हणाल्या, "यापा देत असतील, मान्य. पण चौदा पोती? मूठ म्हणजे किती, हे मला कळायला हवं. कुणी कधी मोजलंय?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत होतो.

"सेन्योरा सोइला, तुमच्या मुठीचं वजन किती?"

"माहीत नाही, बाई. चोवीस वर्षं देत आले, तोलली नाही कधी."

मग मला विचारले. मी म्हणालो, "नाही. मोजलेलं नाही."

म्हणजे माझे दुसरे पत्रही तुम्ही वाचलेत. त्याबद्दल मी आभारी आहे. मला वाटते, तुम्ही गणित समजून घेतलेत.

परवानगी मिळाली, हे तुम्हाला तिथेच कळले. पायऱ्यांवर मी तुमची पिशवी घ्यायला आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाजूला हो. पाठ सांभाळ." आलाउसीची बस येईपर्यंत तुम्ही पिशवी उचलूनच उभ्या होता, खाली ठेवली नाही. मी समोरच्या रसवंतीतून बघत होतो.

सोमवारी मला सिस्टिममधून तुमचे नाव बंद करावे लागेल. काढून टाकता येत नाही, फक्त बंद करता येते. दर महिन्याला आठ डॉलर वाचतील, असे पाओलिना बाई म्हणाल्या.

क्लेवेर


रिओबाम्बा, मंगळवार, १५ ऑक्टोबर

आदरणीय मद्रिना,

तुमच्याकडेही वीज जात असेलच. इथे आठ-आठ तास नसते. धरणांत पाणी नाही म्हणतात. एक दिवस सकाळी, एक दिवस दुपारी, आणि छापलेल्या वेळापत्रकाशी त्याचा काही संबंध नाही.

सिस्टिमचा हा तोटा मी पहिल्या पत्रात लिहिला नव्हता, कारण तेव्हा तो माहीत नव्हता. पडदा काळा झाला की दुकानात उभ्या असलेल्या एकालाही आपण काय विकतो ते सांगता येत नाही. तुमच्या जागी आलेल्या मुलीला मसूर आणि वाटाणा वेगळे ओळखता येतात, पण कुठला वाटाणा कुठल्या गावचा हे पडद्याशिवाय येत नाही. पाट्या आता नाहीत, पोत्यांवर काळ्या रेघांच्या चिठ्ठ्या आहेत, त्या यंत्रालाच वाचता येतात. शनिवारी मंडईतली तार्हेलिया बाई आली, ती डुकराचे ताट विकते ती. तिला उकडायचा मका हवा होता.

"थांबा बाई, वीज आली की देतो," मी म्हणालो.

"मका विजेवर उकडायचा नाहीये मला. देतोस का नाही?"

"भाव बघावा लागेल."

"सोइला डोळे मिटून सांगायची भाव. तिला घालवलंत, आणि आता खांबावरच्या तारेची वाट बघत बसलाय सगळे. वजन तरी आहे का, का तेही विजेबरोबर गेलं?"

रांगेतले सगळे हसले आणि निम्मे समोरच्या दुकानात गेले. मालकांनी आतून बघितले. "सोइला असती तर..." एवढे म्हणून ते थांबले. मग मला म्हणाले, "तुझी मद्रिना आहे ना ती? मग विचार तिला. तुझं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकेल?"

म्हणून विचारतो. ग्वारांदाचा बियाण्याचा मका तुम्ही माळ्यावर खाण्याच्या मक्यापासून वेगळा ठेवत होता, तो कशावरून ओळखायचा? दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच नाव आहे, ती चूक माझी आहे. पेरणी तोंडावर आहे आणि लोक मागायला येतात. आणि भाजलेल्या जवाच्या पिठात तुम्ही दुसरे काय मिसळत होता? सिस्टिममध्ये फक्त जव लिहिला आहे, आणि पूर्वीसारखी चव नाही म्हणून दोघांनी ते परत आणून दिले. उत्तर पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून चालकाकडे दिले तरी चालेल.

अजून एक. हे मी माझ्यासाठी विचारतो, दुकानासाठी नाही. आता निकाल लागला आहे, खरे सांगितल्याने तुमचे काही बिघडणार नाही. यापा सोडून जी तीन पोती उरतात, ती कुठे गेली? तुमच्या बहिणीला दिली का? तिचे दिवस वाईट होते हे मला माहीत आहे. मी रागावणार नाही. मला फक्त गणित पुरे करायचे आहे, अपुरे राहिले की मला झोप लागत नाही.

क्लेवेर


रिओबाम्बा, सोमवार, २८ ऑक्टोबर

आदरणीय मद्रिना,

मक्याचे आणि पिठाचे तुम्ही कळवले नाहीत. ठीक आहे. बियाणे म्हणून आम्ही सहा जणांना खाण्याचा मका दिला असावा. उगवल्यावर कळेल.

पण तुम्हाला बरे वाटेल अशी एक गोष्ट आहे. यापा परत आली.

मृतांचा दिवस जवळ आला आहे आणि त्या दिवशीच्या पेयासाठी जांभळ्या मक्याच्या पिठाला दर वर्षी या आठवड्यात रांग असते. या वर्षी रांग समोरच्या दुकानात होती. पाओलिना बाईंनी सिस्टिममधून तक्ता काढला: नेहमीची गिऱ्हाइके, जी आठवड्याला येत होती, त्यांतली दर दहांतली चार जुलैनंतर आलेलीच नाहीत. हे आधी कधी कळले नसते, हा सिस्टिमचा फायदा धरावा लागेल. बाईंनी तक्ता उलटा ठेवला. मग म्हणाल्या, "यापा सुरू करू या. पण नियमानं." बसवणाऱ्याला फोन केला. आता रकाना आहे. "गिऱ्हाइकास भेट" असे त्याचे नाव आहे आणि तो सगळ्यांच्या काट्यावर आपोआप वजा होतो. अर्ध्या तासात झाले.

"आकडा किती टाकू?" बसवणाऱ्याने फोनवर विचारले. बाईंनी माझ्याकडे बघितले. "तू मोजलं होतंस ना तेव्हा?"

म्हणजे त्यांना ते पहिल्यापासून आठवत होते.

मी पान नेऊन दिले. चाळीस ग्रॅम. बाईंनी आकडा फोनवर सांगितला, पानाचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. "आत गेलं की कागद ठेवायचा नाही, क्लेवेर. दोन ठिकाणी ठेवलं की दोन उत्तरं होतात." खरे सांगायचे तर मला हलके वाटले.

आता सकाळी मी चाळीस ग्रॅमच्या पिशव्या भरून ठेवतो. पहिली पिशवी तार्हेलिया बाईंना दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली.

"हे काय, औषध?"

"यापा आहे, बाई."

"यापा हातातनं पडते रे, लेकरा. ही तुझ्या मालकाला दे. त्याला बरं नसेल."

पण बाकीच्या घेतात. सवय होईल. पिशवीवर तुमचे नाव नाही, पण मूठ तुमचीच आहे. कळवावेसे वाटले.

चालकाकडून समजले की तुमच्या बहिणीने कुणाला तरी विचारले, निरीक्षकांच्या निर्णयावर न्यायाधीशांकडे जाता येते का. जाता येते. पण हातात कागद नसताना जाऊ नका, नाहक दमणूक होईल.

क्लेवेर


रिओबाम्बा, बुधवार, ६ नोव्हेंबर

मद्रिना,

सकाळी चालकाने बुटांचे खोके आणून दिले. वर दोरी, दोरीला तुमची गाठ. "आत काय आहे ते बाईनं सांगितलं नाही," तो म्हणाला. "फक्त म्हणाली, उलटं धरू नकोस."

आत कागदाच्या पुड्या होत्या, तुम्ही दुकानात वळत होता तशा, खाली टोक आणि वर दुमड. चिठ्ठी नव्हती. पुड्या मोजल्या, वीस भरल्या. प्रत्येकीत पिवळा घेवडा.

दुकानात सिस्टिमबाहेरचा माल ठेवायचा नाही असा नियम आहे, म्हणून मी त्या लगेच छोट्या काट्यावर तोलायला घेतल्या. एक पुडी तोलायची, आकडा लिहायचा, घेवडा पोत्यात ओतायचा, पुढची घ्यायची. हात आपोआप चालत होते. सगळ्या पुड्या मोकळ्या झाल्यावर कागद सरळ करायला घेतले, आणि तेव्हा अक्षर ओळखले.

ती माझीच पत्रे होती. पाच पत्रांची वीस पाने. मी ती तारखेने लावली. सहा सप्टेंबरचे पत्र पूर्ण आहे, त्यात जानेवारीच्या दुपारचे, पानाचे आणि हिरव्या काटेचे सगळे आहे. मोजले नाही असे मी खोटे बोललो, तेही चौदा सप्टेंबरच्या पत्रात आहे. न्यायाधीशांपुढे ठेवायला तुमच्याकडे एवढेच होते, आणि आता तुमच्याकडे त्यातला एकही शब्द नाही. मी पुन्हा मोजले. वीसच्या वीस. मला सुटल्यासारखे वाटले, हे मी लपवत नाही.

मग मी आकड्यांची बेरीज केली.

एक हजार चाळीस ग्रॅम. भागिले वीस, बावन्न. चाळीस नाही. सगळ्या मुठी पन्नास ते चोपन्नच्या आतबाहेर.

अकरा हजार नऊशे सत्तर गुणिले बावन्न ग्रॅम म्हणजे सहाशे साडेबावीस किलो. कमी होते सहाशे चोवीस. राहतात दीड किलो. पाच महिन्यांत तेवढे उंदीर नेतात.

मी तीन वेळा केले. गणित पुरे होते.

जानेवारीत चाळीस का आली, हेही तेव्हाच आठवले. म्हणजे विसरलो नव्हतो. तुम्ही पहिली मूठ काट्यावर टाकली, ती पन्नासच्या वर गेली, आणि मी ती लिहिली नाही. मी म्हणालो, "मद्रिना, जरा आवळून धरा. कागद मालकांपुढे जायचाय, दुकान उधळतोय असं दिसायला नको." तुम्ही हसलात. "कंजूष हात काढू म्हणतोस? बरं. तुझ्यासाठी काढते." आणि मग एकेक मूठ मोजून मापून, बोटे मिटून, वीस वेळा टाकलीत. त्याच बारा ग्रॅमची मी तीन पोती केली आणि ती तुमच्या बहिणीच्या घरात नेऊन ठेवली.

यानंतर मी पोत्याजवळ गेलो. तुमचा घेवडा वरच असेल, तो पुन्हा पुड्यांत भरून ठेवता येईल, असे वाटले. पण मी पुड्या तोलत असताना त्या मुलीने त्याच पोत्यातून दोन गिऱ्हाइके केली होती, आणि ओलमेदोने ते पोते हलवून भिंतीशी लावले होते. घेवडा सगळा सारखाच पिवळा आहे. तुमचा वेगळा काढता येत नाही.

पत्रे माझ्या खणात आहेत. ती परत पाठवली, हे पत्र पाठवले, तर तुम्हाला न्यायाधीशांकडे जाता येईल. हे मी अडीचच्या बससाठी लिहायला घेतले होते. ती गेली. पुढची साडेचारला आहे. चालक येईल, दारातून "काही द्यायचंय का?" असे विचारेल, आणि मी मान हलवून नाही म्हणेन. हे मला पहिली ओळ लिहितानाच ठाऊक होते.

एवढ्यात संध्याकाळची मोजणी आली. पिवळा घेवडा एक किलो चाळीस ग्रॅम जास्त निघतो आहे. कारण दिल्याशिवाय सिस्टिम दिवस बंद करू देत नाही, आणि कारण आपल्या शब्दांत लिहिता येत नाही, यादीतून निवडावे लागते. यादीत चार आहेत. मी चारही वाचली, पहिल्यापासून पुन्हा वाचली, आणि "मोजणीतली चूक" यावर बोट ठेवले. तिने लगेच घेतले.

क्लेवेर